‘आवडत नाही’ आणि ‘अडतं’: ऑपरेटिंग सिस्टिमचं रूप ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

संगणकाचा आणि फोनचा पडदा कसा दिसावा हे ठरवणाऱ्या सर्व डिझायनर, इंजिनिअर आणि अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईकडे एक दोनशे पानी वही आहे. संगणक वापरायच्या पायऱ्या तिनं त्या वहीत लिहून ठेवल्यात. ईमेल कसा उघडायचा, आलेला फोटो कुठे ठेवायचा, पत्र छापायचं तर आधी काय दाबायचं. प्रत्येक पायरीशेजारी त्या बटणाचं चित्र पेनानं काढलेलं आणि खाली खूण: ‘वरून तिसरं’, ‘उजव्या कोपऱ्यात, बाणाला लागून’. सत्तरी ओलांडल्यावर तिनं हे सगळं शिकायला घेतलं आणि वही भरायला तिला दोन वर्षं लागली.

मग एका रात्री अपडेट आलं. सकाळी पडदा वेगळाच होता. चित्रांचे रंग बदलले होते, चित्रांखालचे शब्द गेले होते आणि वरून तिसरं बटण आता तिसरं राहिलं नव्हतं. आईनं मला फोन केला. संगणक बदललाय असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, “मी विसरायला लागलेय बहुतेक.”

ते अपडेट कुणाचं होतं ते इथं लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या कंपनीची नाही. गेली अठरा वर्षं मी लोकांना संगणक शिकवते. नव्यानं नोकरीला लागलेले, निवृत्त झालेले, नजर अधू झालेले, हात थरथरणारे असे सगळे माझ्यासमोर बसलेत. प्रत्येक मोठ्या रूपबदलानंतर ‘मलाच जमत नाही’ हे वाक्य मी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकलं आहे. रागावलेली माणसं तुमच्यापर्यंत पोहोचतात, कारण त्यांना आवाज चढवता येतो. स्वतःला दोष देऊन गप्प बसणारी माणसं पोहोचत नाहीत. हे पत्र त्यांच्या वतीनं आहे.

लोकांच्या नाराजीवर तुमच्याकडून येणारं उत्तर मला पाठ आहे: माणसांना बदल नको असतो, थोडे दिवस ओरडतील, मग अंगवळणी पडेल. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी आधीच मान्य करते. आज ज्याला सगळे ‘जुनं आणि हक्काचं’ म्हणतात ते स्टार्ट बटण ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आलं तेव्हा नवखंच होतं. २०१३ मध्ये ॲपलनं आयफोनच्या आयओएस ७ या प्रणालीतून कातड्याचे, लाकडाचे, शिवणीचे भास काढून टाकले आणि सगळं सपाट केलं, तेव्हा नव्या आयकॉनांवर सडकून टीका झाली. आज शिवण घातलेलं कॅलेंडर परत द्या असं कुणी म्हणताना मला दिसत नाही. रंग, सावल्या, गोलाई, चकाकी याबद्दलची बहुतेक नाराजी खरोखरच विरते.

पण त्याच आयओएस ७ ची पुढची गोष्टही आठवा. ॲप उघडताना पडदा झपकन पुढे यायचा, फोन हलवला की मागचं चित्र वेगळ्या गतीनं सरकायचं. त्यानं काही लोकांना चक्कर येऊ लागली, मळमळू लागलं. सप्टेंबरात आलेल्या त्या प्रणालीत ऑक्टोबरातच, ७.०.३ या आवृत्तीत, हालचाल कमी करायची सोय वाढवावी लागली. बटणांभोवतीच्या चौकटी काढल्यामुळे कोणता शब्द दाबायचा आणि कोणता नुसता वाचायचा हे कळेना, म्हणून मार्च २०१४ च्या ७.१ मध्ये बटणांचा आकार दाखवायची सोय द्यावी लागली. बारीक अक्षरं वाचता येत नाहीत ही ओरड वेगळीच.

तेव्हा एकाच वेळी, एकाच गोंगाटात दोन अगदी निराळी वाक्यं मिसळलेली होती. एक होतं ‘आवडत नाही’ आणि दुसरं होतं ‘अडतं’. पहिलं वाक्य महिन्याभरात मावळतं. दुसरं मावळत नाही. तो माणूस फक्त बोलायचा थांबतो, आणि तुमच्या आलेखावर ते ‘सवय झाली’ म्हणून नोंदलं जातं. माझं सारं म्हणणं इथंच येऊन थांबतं: या दोन वाक्यांना एकाच टोपलीत टाकू नका. ती वेगळी करण्याचं काम तुमचं आहे. आमचं नाही, कारण अडलेल्या माणसाला आपलं नेमकं काय अडलंय हे बहुतेक वेळा सांगताच येत नाही. तो ‘भिकार दिसतंय’ एवढंच म्हणतो. माझ्या वर्गात शेजारी बसून दहा मिनिटं पाहिलं की कळतं, त्याचा कर्सर पुन्हा पुन्हा एकाच रिकाम्या जागी जातोय. तिथं पूर्वी काहीतरी होतं.

विंडोज ८ च्या वेळी ही रिकामी जागा सगळ्या जगानं पाहिली. २६ ऑक्टोबर २०१२ ला ती प्रणाली आली आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटण गायब झालं. कोपऱ्यात कर्सर नेला तर काहीतरी उगवायचं, पण तिथं काही आहे याची कसलीच खूण पडद्यावर नव्हती. संगणक बंद करायचा तर आधी उजव्या कडेतून एक पट्टी बाहेर काढायची, तिच्यात सेटिंगवर जायचं, मग पॉवरवर. बोटानं चालवायच्या पडद्यासाठी आखलेलं हे सगळं माऊस असलेल्या लाखो साध्या संगणकांवरही तसंच्या तसं उतरवलं गेलं. वर्षभरानं, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ बरोबर बटण परत आलं, पण त्यामागचा मेनू नाही. मेनू यायला २९ जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० पर्यंत. ‘आवडत नाही’ एवढंच असतं तर ते पावणेतीन वर्षं टिकलं नसतं.

हा निर्णय कुणी बेफिकिरीनं घेतला असं मी म्हणत नाही. उलट त्या चमूनं २०११ मध्येच आपली कारणं जाहीरपणे आणि सविस्तर मांडली होती. लोक आपले प्रोग्रॅम टास्कबारवर, म्हणजे पडद्याच्या तळाशी असणाऱ्या पट्टीवर, टाचून ठेवतात, स्टार्ट मेनूचा वापर घटत चालला आहे, असं जमवलेल्या आकड्यांवरून दिसत होतं. आकडे खरे असतील. पण एखादी गोष्ट दिवसातून किती वेळा दाबली जाते एवढ्यावर तिचं मोल ठरत नाही. रात्री वीज गेली की हात ज्या फळीवर जातो ती टॉर्चची जागा महिन्यातून एकदाच लागते. तेवढ्यावरून टॉर्च दुसऱ्या खोलीत हलवली तर काय होईल? स्टार्ट मेनू ही वाट चुकलेल्या माणसाची परत येण्याची जागा होती. काही सुचलं नाही तर तिथं जायचं, तिथून सगळं सापडतं, हे मी स्वतः पहिल्या तासाला शिकवत आले होते. ही खात्री आकड्यांत दिसत नाही, कारण खात्री असली की बटण दाबावंच लागत नाही.

नऊ वर्षांनी तेच थोड्या सौम्य रूपात झालं. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. आयकॉन मध्यभागी आले, ते डावीकडे नेता येत होते. त्याबद्दलची बरीच कुरकुर आवडीनिवडीची होती. पण विंडोज ९५ पासून टास्कबार पडद्याच्या कुठल्याही कडेला लावता यायचा, ती सोय गेली. उघडलेल्या खिडक्यांची नावं वेगवेगळी दाखवता यायची, ती एका आयकॉनमागे कोंबली गेली. दिवसभर पाच-सहा कागदपत्रं उघडी ठेवून काम करणाऱ्याला प्रत्येक वेळी एक क्लिक जास्त आणि एक आठवण जास्त. नावं दाखवायची सोय २०२३ मध्ये परत आली. राइट-क्लिकच्या मेनूतून कट आणि कॉपी हे शब्द जाऊन नुसती चित्रं राहिली; शब्द परत यायला २०२४ लागलं. परत आलेल्या गोष्टींची ही यादी नीट पाहा. यात चकाकी परत आलेली नाही, रंग परत आलेले नाहीत. परत आल्या त्या सगळ्या ‘अडतं’ या वाक्यातल्या गोष्टी. लोकांची ओरड ऐकायची कशी, याचा नकाशा तुमच्याच दुरुस्त्यांमध्ये आहे. मला एवढंच कळत नाही की दर वेळी दोन-तीन वर्षं घालवून तो नव्यानं का शोधावा लागतो.

आता काचेबद्दल. जून २०२५ मध्ये ॲपलनं लिक्विड ग्लास हे नवं रूप दाखवलं आणि सप्टेंबरात ते फोनपासून मॅकपर्यंत सगळीकडे आलं. मी ते वापरून पाहिलं. बटणाच्या कडेला प्रकाश वळतो, मागचं चित्र पाण्यातून दिसल्यासारखं हलतं. हे घडवणाऱ्यांचं कसब मोठं आहे आणि ते मी मनापासून सांगते. पण माझ्या नजर अधू असलेल्या विद्यार्थ्यांना त्या काचेवरचे शब्द वाचता आले नाहीत.

यामागचं कारण आवडीनिवडीचं नाही. वेबवरचा मजकूर वाचता यावा म्हणून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची जी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं असं सांगितलं आहे, मोठ्या अक्षरासाठी ३ ला १. हे गुणोत्तर मोजायचं तर पार्श्वभूमी कोणती ते आधी ठाऊक हवं. पारदर्शक पट्टीखालून कुणाच्या लग्नाचा फोटो जाईल, कुणाचा पांढराशुभ्र कागद सरकेल, हे डिझायनरला ठाऊक नसतं. म्हणजे जी गोष्ट तपासून हमी द्यायची, तीच वापरणाऱ्याच्या नशिबावर सोडली जाते. प्रणालीनं मागचा रंग ओळखून अक्षर काळं-पांढरं केलं तरी अर्धं चित्र उजळ आणि अर्धं गडद असतं तेव्हा तिचीही पंचाईत होते. त्या उन्हाळ्यातल्या चाचणी आवृत्त्यांत काच कधी धुरकट केली गेली, कधी पुन्हा नितळ, शेवटी २६.१ या आवृत्तीत नितळ की रंगीत हे निवडायची सोय आली. ही सोय पहिल्या दिवशी असती तर?

आणि काच काही पहिल्यांदा आली नव्हती. २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये मेनू अर्धपारदर्शक होते, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ती पारदर्शकता हळूहळू उतरवली गेली. २००७ च्या विंडोज व्हिस्टात खिडकीची वरची पट्टी काचेची होती, तेव्हा नाव वाचता यावं म्हणून अक्षरांमागे पांढरा धूसर झोत टाकावा लागला होता. तुमच्या आधीच्या लोकांनी हे शिकून ठेवलं होतं.

इथं एक गोष्ट देवनागरी वाचणारी म्हणून सांगते. आमच्या अक्षरांच्या डोक्यावर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि पायाशी उकार. ‘घर’ आणि ‘घरं’ यात फरक असतो तो एका ठिपक्याचा. रोमन अक्षरं पाहून ठरवलेली ओळीची उंची, बारीक रेघ आणि मागं हलणारी काच असं तिन्ही एकत्र आलं की आधी हे ठिपकेच दिसेनासे होतात. वर-खाली खुणा असणाऱ्या जगातल्या सगळ्या लिप्यांची ही अडचण आहे. तुमच्या सादरीकरणातल्या चित्रांमध्ये या लिप्या मला अजून दिसलेल्या नाहीत.

माझ्या म्हणण्यातला कच्चा दुवा मला दिसतो. जुनं रूप चालू ठेवायचं म्हणजे प्रत्येक नवी गोष्ट दोनदा घडवायची, दोनदा तपासायची. दोन रूपं सांभाळता सांभाळता दोन्ही अर्धवट राहतात, हेही मी पाहिलेलं आहे. म्हणून सगळं कायमचं ठेवा असं मी मागत नाही. मात्र परतीची वाट ठेवणं अशक्य आहे असं म्हणू नका. विंडोज एक्सपी, व्हिस्टा आणि ७, तिन्हींत जुनं साधं, राखाडी रूप निवडता येत होतं. कित्येक कार्यालयांतली माणसं त्यावर वर्षानुवर्षं काम करत राहिली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात या बाबतीत लोकांकडे एक हत्यार असतं. एप्रिल २०११ मध्ये लिनक्स या मुक्त प्रणालीवरच्या ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, ग्नोम ३, आली आणि खिडकी खाली बसवायचं बटणसुद्धा तिच्या पट्टीवरून गेलं. खुद्द लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड टीका केली आणि काही काळ दुसरा डेस्कटॉप वापरला. पण तिथं लोक नुसते ओरडत बसले नाहीत. काहींनी ग्नोम २ चा सोर्स कोड घेऊन मेट नावानं तो जिवंत ठेवला, लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या धाटणीचा सिनॅमन उभा केला. ग्नोमवाल्यांनाही आपल्या वाटेनं जायला मोकळीक राहिली. ज्यांना जुनी पद्धत हवी होती त्यांना तीही मिळाली, आणि दोन्ही डेस्कटॉप आजही चालू आहेत.

तुमच्या बंद प्रणालीत आम्हाला हे करता येत नाही. आमच्यापुढे दोनच दारं असतात: नवं घ्या, किंवा जुन्यावर थांबून सुरक्षा गमवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा किती तरी माणसं नवं रूप हवं म्हणून हललीच नाहीत. व्हायरसच्या भीतीनं हलली. अशा माणसांची गणती ‘नवं रूप स्वीकारणाऱ्यांत’ करू नका. ज्याच्याकडे दुसरी वाट नाही त्याची जबाबदारी वाट बांधणाऱ्यावर जास्त असते.

तेव्हा मागणं असं आहे. रूप बदला, रंग, काच, सावली यावर तुमचा हक्क आहे आणि सुंदर वस्तू वापरायला आम्हालाही आवडतं. पण जागा हलवताना वेगळा विचार करा. बटणाची जागा डोळ्यांनी शोधावी लागते तोवर ती तुमची असते. हात न बघता तिथं जायला लागला की ती आमच्या कष्टाची कमाई असते, कारण ती शिकण्यात आमचे तास गेलेले असतात. ती जागा हलवायचीच असेल तर तिथं काही दिवस खूण ठेवा: ‘हे बटण आता इथे आहे’, एवढी एक ओळ आणि बाण. सुरक्षेचं अपडेट आणि रूपाचं अपडेट वेगळं करा, म्हणजे कुणावर भीतीपोटी नवं शिकायची वेळ येणार नाही. चित्राखालचा शब्द काढण्याआधी तो शब्द वाचून काम करणाऱ्या माणसाशेजारी एकदा बसा. चाचणीला बोलावता त्या लोकांत सत्तरीचे लोक घ्या, चष्मा विसरलेले घ्या, आणि प्रणाली पडद्यावरचा जो मजकूर वाचून दाखवते तो ऐकून काम करणारेही घ्या; त्यांना तर जागा बदलली हे कुणी सांगतसुद्धा नाही, नेहमीचा क्रम मोडतो आणि शब्दांचा ढीग कानावर आदळतो. रूप बदलायच्या रात्री आधी विचारा. ‘आत्ता की उद्या’ असं नको. ‘हवं की नको’ असं विचारा.

जे लोक रागाच्या भरात एखाद्या डिझायनरचं नाव घेऊन त्याला घाणेरडं बोलतात, त्यांच्या बाजूनं मी नाही. पडद्यावरच्या एकेका कोपऱ्यासाठी तुम्ही किती रात्री जागता याची मला कल्पना आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिलं. ज्यांना काही वाटत नाही त्यांना लिहून उपयोग नसतो.

एका प्रश्नाचं मात्र सरळ उत्तर हवं आहे. आत्ता आहे ती मांडणी किती वर्षं राहील? पाच म्हणा, सात म्हणा, पण आधी सांगा आणि तेवढी वर्षं पाळा. आईनं नवी वही आणली आहे. पहिली चार पानं लिहून झाली. या वेळी ती पेन्सिलीनं लिहिते आहे. तुमचं उत्तर आलं तर मी तिला पेन देईन.

आपली,
एक संगणक शिक्षिका